आईने गॅस बंद केला

ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरोघरी प्रार्थनासभा सुरू झाल्या, की आल्याच्या चहाच्या वासाने मी नाशिकरोडच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये पोचतो. माझ्या लहानपणी एकदा तिथे आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी बायबलमधली गोष्ट समजावत होते, की येशू घरी आला तेव्हा मार्थेने पाहुणचाराच्या कामात जीव अडकवला. तिने बहिणीसारखं, मरीयेसारखं प्रभूच्या पायाशी ऐकत बसायला हवं होतं. तेवढ्यात आईने आत गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत सगळ्यांच्या पुढे येऊन बसली.

"बाई, चहा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दरवर्षी मला अर्धंच ऐकू येतं, साहेब. आज पूर्ण ऐकणार. चहाची घाई असेल त्याने आत जावं."

कोणी उठलं नाही. बिस्किटांवर डोळा ठेवून बसलेल्या मला तर आईची लाजच वाटली. आज तिचा तो ताठ कणा आठवतो. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि चिंतन पहिल्यापासून सुरू केलं.