पासबुकावरचं कुंकू

त्या श्रावणात वैजनाथावरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आज कबूल करते. चाळीस वर्षं सोमवार धरले आणि देवाला माझं एवढंसं काम होईना! शाळेतून निवृत्त होताना माझ्या पैशातून कर जास्त कापला गेला होता. तो परत आला की ह्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. डावा डोळा आधीच गेलेला आणि उजव्यात मोतीबिंदू असा वाढलेला, की ताटात कोणती भाजी आहे तेही मलाच सांगावं लागे. हे कधी कुरकुरले नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

आयकराची विवरणपत्रं तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर भरली जाऊ लागली होती. उमापूरहून गेवराईला जाऊन एका कर सल्लागाराकडे मी ते भरलं. कॉम्प्युटरने खात्याचा नंबर दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा मी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला, वर्गात पाढे म्हणावेत तसा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पासबुकही पाटावर ठेवतात. पहिलं पान उघडून मी त्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढते. बँकेने नुकताच नवा लांबलचक नंबर दिला होता आणि स्वस्तिकाची एक रेघ नेमकी त्यातल्या एका आकड्यावर आली होती. सल्लागार म्हणाला, "बाई, हितं कुंकू लागलंय. पुसू का जरा?" मी पासबुक ओढूनच घेतलं. "लक्ष्मीचं कुंकू कुणी पुसतं का? आठ आहे तो, लिहा!" बाईंशी कोण वाद घालणार? त्याने आठ लिहिला.

पुढे महिने गेले. सल्लागार म्हणे, पैसे तिकडून निघालेत. बँक म्हणे, आमच्याकडे काही आलेलं नाही. शेवटी श्रावणी सोमवारी मी ह्यांना घेऊन परळी गाठली. पासबुक पिंडीला टेकवायचं आणि देवाला चार शब्द सुनावायचे, असं ठरवूनच निघाले होते. रांगेत एका हाताने ह्यांना धरलेलं, दुसऱ्या हातात पासबुक उघडून तयार. गाभाऱ्याशी मागून रेटा आला आणि मागच्या बाईच्या तांब्यातलं पाणी पासबुकावर सांडलं. "दिसत नाही का?" म्हणून मी खेकसले. ती शांतपणे म्हणाली, "अवं बाई, देवाचंच पानी हाय. कावून चिडता?" आणि मी अडवायच्या आत तिने पदराने पान टिपलंसुद्धा. तिच्या हातावर कोयत्याचे जुने वण होते, तेवढे मला आठवतात.

कुंकू निघालं होतं. अपशकुन झाला म्हणून मी पान डोळ्यांजवळ नेलं आणि त्याच क्षणी खालचा आकडा दिसला. आठ नव्हता तो, सहा होता. पिंडीवर हात ठेवला तेव्हा देवाला सुनावायचं सगळं विसरून मी नुसती रडले. बाहेर येऊन त्या बाईला शोधलं, पण गर्दीत ती काही सापडली नाही.

मी सांगितलेल्या नंबराचं खातंच नव्हतं, म्हणून पैसे परत गेले होते. सल्लागाराने दुरुस्ती केली. या वेळी नंबर मी त्यालाच वाचायला दिला. पैसे आले, ऑपरेशन झालं.

ते पाणी देवानेच पाडलं का, ते मला ठाऊक नाही. एवढं मात्र कळलं, की चाळीस वर्षं मी "सगळं तुझ्यावर सोडलं" म्हणत होते आणि एका आकड्याला कुणाचं बोट लागू देत नव्हते. त्या दिवाळीत मी पूजेला बसले तर ह्यांनी पासबुक माझ्या हातातून घेतलं, चष्मा न लावता एकेक आकडा वाचला, सहावर थांबले आणि हसले. "कुंकू जरा बाजूला लाव," म्हणाले, "आता मला दिसतंय."