माफीचा तयार मजकूर

आयुष्यात मी एकदाच लेखी माफी मागितली, तीही न केलेल्या गुन्ह्याची, झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे खरं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पुढे जंगलातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेची एकटी शिक्षिका आहे. दुसरी जागा रिकामी आहे आणि ती भरेल, असं आता गावात कुणी म्हणत नाही. कुलूप मी उघडते, झाडू मी मारते, पाचही वर्ग मीच शिकवते. माझे वडील कटंगीकडच्या आमच्या गावी एकटे राहायचे. आई गेल्यापासून शेजारच्या काकू त्यांना दोन वेळचं जेवण द्यायच्या. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, पण त्या घरात त्यांना डोळ्यांची गरज पडत नसे. चूल, पाण्याचा माठ, मागचं दार, सगळं हाताच्या ओळखीचं होतं. त्यांना माझ्याकडे आणणं म्हणजे खरोखरचं आंधळं करणं. म्हणून मला तिकडे बदली हवी होती. सरकारकडे माझं एवढंच मागणं होतं.

अशात शिक्षकांची हजेरी मोबाइलवर आली. शाळेत नेटवर्क नाही. माझ्या खोलीवरून शाळेकडे जाताना अलीकडच्या घाटात एका वळणावर ते मिळतं, म्हणून त्या बाजूचे आम्ही पाच शिक्षक रोज सकाळी तिथे गाड्या थांबवायचो, फोन उंच धरून हजेरी लावायचो आणि आपापल्या शाळेला जायचो. फोन वेळेसोबत जागाही लिहून घेतो, हे आम्हा पाच शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. महिन्याभरानं पाचही जणांना नोटिसा आल्या. शाळा सोडून भलतीकडे फिरत होतो म्हणे.

मी तणतणत ब्लॉकच्या शिक्षण कार्यालयात गेले. “मी नव्हते तर शाळेचं कुलूप काय भुतानं उघडलं?” हे मी हिंदीत विचारलं. बाबू हसला. “मैडम, माफी लिख दो, फाइल बंद. नहीं तो जाँच चलेगी, और तबादले का फॉर्म अटक जाएगा.” बदलीचे अर्ज तेव्हा सुरू व्हायचे होते. आमच्याकडे ही रीतच आहे. नोटीस आली की माफी लिहायची, ती लिहिणारा वाचत नाही आणि घेणाराही वाचत नाही. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कंप्युटरमध्ये मजकूर तयारच असतो, नाव आणि तारीख तेवढी बदलायची. मुझसे भूल हुई, क्षमाप्रार्थी हूँ, भविष्य में पुनरावृत्ति नहीं होगी. बाकी चौघांनी सही केली होती. मीही केली आणि बस पकडली.

त्या चौघांचं काही बिघडलं नाही, कारण त्यांना कुठे जायचंच नव्हतं. माझा बदलीचा अर्ज मात्र परत आला. शेरा होता, कर्तव्यात हयगय, शिक्षिकेला स्वतः मान्य. तो वाचून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या शाळेत एखाद्या पोरानं दिल्या असत्या तर मी त्याचा कान पिरगाळला असता.

अपील केलं. बालाघाटच्या जिल्हा कार्यालयात सुनावणी लागली. मी मुलांची हजेरी, मध्यान्ह भोजनाचं रजिस्टर, गावकऱ्यांच्या सह्यांचा कागद, सगळं पिशवीत भरून नेलं. साहेब वाईट नव्हते. बसा म्हणाले, पाणी मागवलं. फाइल उघडून माझी माफी त्यांनी माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, “ये दस्तखत आपके हैं?” मी हो म्हटलं. वळणाचं सांगितलं, नेटवर्कचं सांगितलं, झेरॉक्सच्या दुकानाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. “आपने तो खुद मान लिया है, मैडम.” पिशवी उघडायची वेळच आली नाही. आदेश नंतर कळवू म्हणाले.

तशीच कटंगीच्या बसनं गावी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू होती ना वं शाळेत?”

“होती, बाबा.”

“मंग माफी काहून मांगतली?”

“मले तुमच्याकडे यायची घाई होती.”

ते माझ्यासाठी चहा ठेवायला उठले, मी ठेवते म्हटलं तरी ऐकलं नाही. त्या अंधाऱ्या चुलीपाशी साखरेचा डबा, चहाचा डबा त्यांनी एकदाही न चाचपता उचलला. मला रडू आलं.

पावसाळ्यानंतर काकू मुलाकडे तुमसरला गेल्या आणि बाबांना जेवण देणारं कुणी उरलं नाही. मी त्यांना इकडे घेऊन आले. माझ्या खोलीची चौकट बुटकी आहे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या कपाळाला दोनदा खोक पडली. आता ते खाटेवरून फारसे उठत नाहीत. पाणी हवं असलं तरी मी शाळेतून येईपर्यंत थांबतात.

रोज संध्याकाळी माझ्या गाडीचा आवाज आला की आतून विचारतात, “आला का वं आदेश?”

“हौ बाबा, येऊन राह्यला,” मी म्हणते. अपील फेटाळल्याचा कागद येऊन दोन महिने झाले.