चौदा एप्रिलचं हरीण

त्या वर्षी अख्खा उन्हाळा मेलबर्नजवळच्या आमच्या टार्निटच्या घरात जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला होता. आधी बायको तो रोज उचलून घडी घालून ठेवायची. मग कंटाळली आणि ताटं त्याच्यावरच मांडायला लागली. गिप्सलँडच्या किनाऱ्यालगतचा तो एक तुकडा होता: खाडी, दलदल, टी-ट्रीची झुडपं, मधूनमधून छोटी तळी. एका तळ्यावर वरणाचा थेंब सांडला आणि पिवळा डाग राहिला. पुढे आम्ही दोघं त्याला वरणाचं तळंच म्हणायला लागलो.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा वस्ताद. रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी नवीन लागलो, तेव्हा तो माझा सुपरवायझर होता. इथलाच गोरा माणूस. आता सत्तरी ओलांडलेला, रिटायर झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तोंडावर आम्ही एकमेकांना मेट म्हणतो, पण मनात मी त्याला पहिल्या दिवसापासून वस्तादच म्हणत आलो. बोल्ट किती आवळायचा हे तो पान्याच्या आवाजावरून सांगायचा. असल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

वस्तादचं एक वेड होतं. दर एप्रिलमध्ये तो हॉग डिअरच्या शिकारीला जायचा. हॉग डिअर म्हणजे बुटकं, जाडजूड अंगाचं, डोकं खाली घालून गवतातून सुळकन जाणारं हरीण. आपल्या तराईच्या गवतात असतं तेच, हिंदीत त्याला पाढा म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी जहाजातून इथे आणून सोडलं. म्हणजे तोही आमच्यासारखाच बाहेरून आलेला, फक्त व्हिसाची फी न भरता.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, डिसेंबरात, वस्तादच्या डोळ्यांचं निदान झालं. पडद्याचा आजार. मधोमध धूसर, कडेने बरं दिसतं. डॉक्टरने सांगितलं, वर्षभरात बंदुकीचं लायसन्स सोडावं लागेल. म्हणजे हाच त्याचा शेवटचा एप्रिल. स्कोपमधून त्याला अजून नीट दिसायचं, पण गवतात उभं असलेलं हरीण मुळात शोधायचं कुणी? त्याच्या मुलाने तर बजावलंच होतं, एकट्याने जायचं नाही.

"तू चल," वस्ताद मला म्हणाला. "तुझे डोळे आहेत."

माझे डोळे म्हणजे खरं तर माझ्या वडिलांचे. वडील चंद्रपूरकडच्या जंगलात वनमजूर होते. दर वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावर प्राण्यांची मोजणी व्हायची. कॉलेजात असताना दोनदा मीही त्यांच्यासोबत मचाणावर बसलो. त्यांनी मला बघायला शिकवलं. आख्खं जनावर शोधू नको, म्हणायचे, कान शोध, शेपटी शोध, गवतात जी आडवी रेघ दिसते ती शोध. दिसलं की वहीत एक उभी रेघ मारायची. सांबर, रेघ. चितळ, रेघ. रेघ मारून झाली की जनावर निघून जायचं आणि वडील हळूच हसायचे, जणू पाहुणा नीट जेवून गेला.

एकदा वर्कशॉपच्या मागच्या कुरणात, दूर कुंपणापाशी, मी वस्तादला ससा दाखवला होता. त्याला तो दुर्बिणीतूनही सापडेना. तेवढं त्याने इतकी वर्षं लक्षात ठेवलं.

मी हो म्हणालो. का म्हणालो? एक तर त्याने या देशात मला उभं केलं. आणि दुसरं सांगायचं तर मला नकाशे, याद्या, वेळापत्रकं यांचा भारी सोस आहे. शिकारीची आखणी म्हणजे माझ्यासाठी आयती मेजवानी. इथे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. शेजारच्या राज्यात वेगळी परवानगी, टास्मानियात वेगळे टॅग. आमच्या व्हिक्टोरियात सांबर वर्षभर चालतं, पण हॉग डिअर फक्त एप्रिलमध्ये, आणि माणशी एक नर, एक मादी. त्यासाठी आधी अर्ज करून टॅग मागवायचे. टॅग म्हणजे नंबर छापलेली प्लास्टिकची पट्टी. हरीण पडलं की लगेच मागच्या पायाला अडकवायची आणि हरीण तपासणीच्या ठिकाणी नेऊन दाखवायचं. कुठल्या पट्ट्यात चालतं, कुठल्या पार्कात नाही, सूर्योदयाच्या किती आधी बंदूक हातात घ्यायची, सगळं ठरलेलं. मी रंगीत तक्ता केला. बंदी तिथे लाल, परवानगी तिथे हिरवा, शंका तिथे पिवळा.

नियम वाचताना एक गोष्ट कळली. शिकार या शब्दाच्या व्याख्येत जनावर शोधणंही येतं. म्हणून बंदुकीला हात लावणार नसूनही मी स्वतःचं शिकारीचं गेम लायसन्स काढलं. कागद पक्का असलेला बरा. त्या व्याख्येवरून माझी नजर तशीच पुढे सरकली.

शनिवारी दुपारी वस्ताद यायचा. डोळ्यांमुळे गाडी बंद, म्हणून ट्रेनने. मी चहा टाकायचो आणि आम्ही नकाशावर वाकायचो. मी वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. इथे ओढा वळतो. हो, म्हणायचा, तिथे वाळू आहे, पाय वाजत नाही. इथे उंचवटा. तिथे पेपरबार्कचं एक झाड आहे, त्याला टेकून बसायचं. इथे तुझं वरणाचं तळं. तिथे सकाळी काळे हंस असतात. वारा समुद्राकडून आला तर आपण पूर्वेला, जमिनीवरून आला तर पश्चिमेला. वारा बघायला मी टाल्कम पावडरची छोटी बाटली घेतली होती. घरातच दाबून बघायचो आणि पावडर एसीच्या झोताने हळूहळू सोफ्याकडे जायची. कित्येकदा बोलता बोलता आम्ही दोघंही गप्प व्हायचो आणि त्या दलदलीत जाऊन बसायचो, त्या टेबलापाशीच. मला तिथला ओलसर वास यायचा, जिथे मी कधी गेलोच नव्हतो. त्या सगळ्या दिवसांत मी मनात मांडे खात होतो आणि माझ्या त्या स्वप्नात बंदूक एकदाही वाजली नाही. खरंच सांगतो, एकदाही नाही.

सरकारी जागेच्या सोडतीत आमचा नंबर लागला नाही. मग वरणाचं तळं ज्याच्या जमिनीत येतं तो वस्तादच्या ओळखीचा शेतकरी तिथे शिकार करू द्यायला तयार झाला. तो एप्रिल महिना तीनचार मंडळींना वाटून देतो. त्याचा मेसेज आला, चार दिवस कळवा, आजच, नंतर बदलता येणार नाहीत. मी वर्कशॉपमध्ये होतो. रोस्टर उघडला, एप्रिलमध्ये माझी सुट्टी आधीच मंजूर दिसली, त्याच तारखा पाठवल्या. वस्तादला फोन केला, झालं काम. फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मुलीने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर माझी हिरवी खूण पाहिली.

"बाबा, दॅट्स जयंती."

बारा ते पंधरा. मधे चौदा. दरवर्षी जानेवारीत मी पहिली सुट्टी टाकतो ती चौदा एप्रिलची, मागेपुढे एकेक दोनदोन दिवस धरून. इतक्या वर्षांची सवय की हात आपोआप टाकतो. सुट्टी का मंजूर होती, तर जयंतीसाठी मंजूर होती. आणि मी शहाण्याने ती नेऊन हरणाच्या शिकारीला दिली.

"कार्यक्रम तर रविवारी आहे हॉलमध्ये," मी बायकोला म्हणालो. "तो काही चुकणार नाही."

"कार्यक्रम रविवारी आहे," ती पोळी लाटत म्हणाली. "तारीख चौदाच आहे ना? त्या दिवशी सकाळी पंचशील म्हणशील की नाही?"

"म्हणेन ना."

"मग जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील कसं म्हणणार आहेस?"

मी म्हणालो, मी कुठे मारणार आहे, मी फक्त दाखवणार.  तिचं लाटणं थांबलं. आणि ती व्याख्या, जिच्यावरून मी नजर सरकवली होती, ती समोर येऊन बसली. आम्ही मटण खातो, अगदी आवडीने खातो, मी काही सोवळ्यातला नाही. पण वडिलांनी दिलेले डोळे, आणि नेमकी ती तारीख. 

तारीख बदलायला शेतकऱ्याला फोन केला. नो वरीज म्हणाला आणि बदलली नाही. वस्तादला नाही म्हणावं, तर त्याचा शेवटचा एप्रिल माझ्यामुळे बुडणार. त्याने बूट ग्रीस करून दारात ठेवले होते. मी गेलो.

बारा तारखेला पाऊस, तेराला उलटा वारा. चौदाला पहाटे तंबूबाहेर उभं राहून मी मनातल्या मनात वंदना केली. पहिलं शील मी पुटपुटलो, पटकन, जीभ भाजल्यासारखं. मग आम्ही निघालो. ओढ्याची वाळू, उंचवटा, पेपरबार्कचं झाड, सगळं जिथल्या तिथे. मी पावडर उडवली, ती आमच्याकडेच आली, म्हणजे वारा अगदी हवा तसा. धुकं तळ्यावर तरंगत होतं. काळे हंस होते. चार महिने ज्याच्यावर जेवलो तो नकाशा माझ्यासमोर ओला होऊन श्वास घेत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

वस्ताद झाडाला टेकून बसला, रायफल मांडीवर. मी दुर्बीण लावली. पलीकडच्या गवतात एक आडवी रेघ होती. मग त्या रेघेला कान फुटला.

नर होता. प्रत्येक शिंगाला तीन टोकं, अंगावर दवाचे थेंब. डोकं वर काढून तो तळ्याकडे बघत राहिला. ऐंशी मीटर, मधे काहीच नाही. मागे मातीचा उंचवटा, म्हणजे गोळी झाडायलाही सुरक्षित. माझ्या रंगीत तक्त्यात सगळे रकाने हिरवे झाले असते.

"काही दिसतंय?" वस्ताद कुजबुजला.

त्याचा आवाज आतुर होता, लहान मुलासारखा. त्याचा खिसा किंचित फुगलेला होता, त्यात टॅग होते.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

हरीण आणखी थोडा वेळ उभं राहिलं. मी दुर्बीण हलवली नाही. मग ते गवतात विरघळलं आणि वस्ताद म्हणाला, "इथेच यायला पाहिजे खरं तर." मी म्हणालो, हो.

पहिलं शील पाळायला मी चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडलं, तेही ज्याने मला काम शिकवलं त्याच्याशी. पंधराला काहीच आलं नाही. परतताना गाडीत वस्ताद खुशीत होता. हंस किती होते, धुकं कसं होतं, हे मला पुन्हा पुन्हा विचारत होता. रविवारी हॉलमध्ये निळे झेंडे, मुलीचं भाषण, सगळं छान झालं. पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला मी सगळ्यांच्या मागे पडलो. बायकोने फक्त एकदा वळून पाहिलं.

मे महिन्यात वस्तादने बोलावलं. न वापरलेले टॅग परत पाठवायचे होते आणि सोबतचा फॉर्म भरायचा होता. बारीक अक्षर त्याला आता दिसेना. मी पेन घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात बसलो आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत गेलो. किती दिवस गेलात? चार. कुठल्या भागात? लिहिलं. मारलेली हरणं? शून्य.

मग पुढचा रकाना आला. दिसलेली हरणं.

"शून्य," वस्ताद म्हणाला.

पेन टेकवलेलं होतं. मला वडिलांची वही आठवली. पाहिलेल्या जनावराची रेघ मारली नाही असं त्या माणसाने आयुष्यात केलं नव्हतं. मी रकान्यात एक उभी रेघ मारली.

"काय लिहिलंस?"

"एक."

 ओट्यावरची किटली उकळून बंद झाली.

"नर?"

"नर. चौदा तारखेला. वरणाच्या तळ्यापलीकडे."

"तो माझा होता, मेट."

"हो."

तो उठला, सिंकपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला जायला सांगणार, आणि सांगितलं असतं तर बरोबरच होतं. मी तारखेचं सांगितलं, शीलाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, अडखळत, सगळं उलटसुलट. त्याने किती ऐकलं माहीत नाही.

"मला आधी सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला. "मी मुलाला घेऊन गेलो असतो. शिव्या देत आला असता, पण आला असता."

 

तो परत येऊन खुर्चीत बसला, नकाशाच्या वेळी बसायचा तसा, डोळे मिटून.

"सांग," म्हणाला. "कसा होता?"

मी सांगितलं. आधी रेघ, मग कान. शिंगं तीन टोकांची, डावं थोडं बुटकं. पाठीवर दव. डोकं वर काढून तळ्याकडे बघत होता. किती वेळ? खूप वेळ. शेपटी? एकदा हलवली. काहीही गाळलं नाही आणि पदरचं काही घातलं नाही.

"मी मारला असता," वस्ताद म्हणाला.

"माहीत आहे मला."

त्याने हात पुढे केला. मी फॉर्म त्याच्यासमोर सरकवला आणि त्याचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. त्याने सही केली, रेघेच्या बरीच खाली.