रेघेखाली उतरलेला भाव

साकोलीच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसून मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांस माझी वाक्ये वाचावयास लावली आहेत. सातवीनंतर शाळा सुटली; परंतु अध्ययन सुटले, असे कोणी म्हणू नये. ऐंशीच्या दशकात शेअरबाजाराचे शास्त्र मी स्वप्रयत्नाने आत्मसात केले. नागपूरहून दुपारच्या बसने येणाऱ्या वर्तमानपत्रातून एका सिमेंट कंपनीचा भाव घ्यावयाचा, मागील दहा भावांची सरासरी काढावयाची आणि चौकटींच्या कागदावर दोन्ही रेघा ओढावयाच्या. भाव सरासरीच्या वर गेला की खरेदी, खाली आला की विक्री.

त्या रेघांचे चढउतार पाहून समोरचा चहावाला विचारी, "काहो अर्जनवीस, आज पेशंटले ताप किती हाये?"

मी पट्टी लावून पुढची रेघ ओढी. भाव वर निघताच डिझेल इंजिनसाठी ठेवलेली रक्कम मी गुंतविली. इंजिनाने बोडीच्या तळ्यातले पाणी उपसून शेताच्या बांद्यांत सोडल्याविना आमचे उन्हाळी धान होणार नव्हते.

"अजी, रेघायनं बांदीत पानी येते का?" पत्नी म्हणाली.

"त्याच रेघा नवे इंजिन आणतील."

पंधरवडाभर भाव थोडाथोडा चढला आणि एका दुपारी रेघेखाली उतरला. मी तत्काळ नागपूरच्या दलालास तार केली. आमच्या व्यवसायाच्या रीतीस धरून प्रथम वस्तुस्थिती, मग कारणे आणि शेवटी विक्रीबाबत योग्य तो विचार होण्याची नम्र विनंती.

"तार करून राहिले का दावा लावून राहिले?" शब्द मोजता मोजता तारबाबू म्हणाला.

पुढचे दोन दिवस भाव घसरतच गेला. विक्रीची खबर नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने दलालाची पेढी गाठली.

"या अर्जनवीस! तार मिळाली ना तुमची," दलाल म्हणाला. "तुम्ही लिहिलं विचार करा, तर मी विचार केला. रुका थोडं. वर येईल."

"विका."

"घाटा होईल, भाऊ."

"विका. विकेपर्यंत मी येथून हलणार नाही."

इतका आटोपशीर मजकूर मी आयुष्यात प्रथमच सादर केला असेल. दलालाने फोन उचलला.

मुद्दलातून बरेच गेले होते. उरलेली रक्कम पत्नीच्या हाती दिली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"यात नवं इंजिन येत नाही," ती म्हणाली. "जुनं पाहा मंग. आजच."

जेवणाचे ताट तसेच ठेवून मी सायकल बाहेर काढली.