मालनआत्याचे फसफसते लाडू

माझी मालनआत्या कळंबला एका शाळेत शिपाईण होती. घंटा देणं, वर्ग झाडणं आणि विज्ञानाच्या मास्तरांच्या काचेच्या बाटल्या धुणं ही तिची कामं. एकदा मास्तरांनी सोड्यात लिंबू पिळलं आणि भस्सकन फेस वर आला. झाडू हातात धरून आत्या तिथेच उभी राहिली. तिच्या डोक्यातला फेस पुढे जन्मभर खाली बसला नाही.

घरी येऊन तिने सोडा, लिंबूसत्व, हळद आणि कापूरकाचरी खोबरेल तेलात मळून लाडू वळले. लाडू बादलीत टाकला की पाणी फसफसायचं आणि अंगाला वास लागायचा. आत्या ते गावभर फुकट वाटायची. नको म्हणणाऱ्याच्या बादलीत त्याची पाठ वळली की स्वतःच टाकायची. असल्या बाईला कोण आवरणार?

चौऱ्याहत्तर साली माझं लग्न ठरलं. मुलगी पळसदरीची, गोदा. तिच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, मला दोनदा नाकारून तिसऱ्यांदा नाइलाजाने हो म्हटलं होतं. आमच्यात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर देव गेले, घट गेले, पण हळद कोणी सोडली नव्हती. आणि हळद म्हटल्यावर आत्याचा मान पहिला.

"सोमा, तुज्या न्हाणाला पेशल लाडू हाय रं," ती म्हणाली. मला तेव्हाच आमच्या पोशीर गावातून पळून जायला हवं होतं.

ऐन वेळी लिंबूसत्व कमी पडलं. फेस कमी येईल म्हणून आत्याने सोडा दुप्पट घातला, आणि खाण्याचा संपला म्हणून धुण्याचा घातला. कोरडा लाडू दिसायला पिवळाधमक. माझी उष्टी हळद आणि एक लाडू घेऊन चुलतभाऊ नामा पळसदरीला गेला. मग मला पाटावर बसवून आत्याने घंगाळात लाडू सोडला आणि फसफसतं पाणी माझ्या हळदीच्या अंगावर ओतलं.

मी लाल झालो. नखशिखान्त, कुंकवासारखा लाल. बायकांनी साबण आणला. साबणाने मी आणखी लाल झालो. आई रडायला लागली आणि आत्या म्हणाली, "रंग झ्याक आलाय की!"

सकाळी नामा धापा टाकत परत आला. "नवरी लाल झालीय! तिची आई म्हनते, पोरगी व्हती तशी करून द्या, नायतर वऱ्हाड आनू नका." तेवढ्यात त्याने मला पाहिलं आणि तो ओटीवर आडवा पडून हसला. बाबांनी त्याला उठवून परत पिटाळलं. नवरासुद्धा लाल आहे, मुद्दाम कोणी काही केलेलं नाही, एवढा निरोप द्यायचा होता.

तो गेल्यावर आत्याने डोक्याला हात लावला. "सोड्यानं बिघडलं ना? मंग लिंबानं सुधरंल." तिने माझ्या गालावर लिंबू घासलं आणि गाल पिवळा झाला. वीस लिंबांत मी माणसात आलो. लिंबांची पिशवी घेऊन वऱ्हाड टेंपोत चढलं.

पळसदरीला मांडवाच्या तोंडाशी चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. आत्याने लिंबू पुढे केलं. तेवढ्यात गोदा बाहेर आली. अंगावर पांढरंशुभ्र पातळ आणि वर लालबुंद तोंड. माझ्याकडे पाहून ती थबकली.

"तुमी तर पिवळं!" ती म्हणाली. "आई म्हनली लगीन मोडू. मी म्हनलं, नवराबी लाल हाय, दोघं सारकीच हाव, मी अशीच उबी ऱ्हाईन. आता समदी मला एकटीलाच हसनार."

खरंच सगळे हसत होते. तिचे डोळे भरले आणि ती घराकडे वळली. तिला लिंबू लावा हे सांगायला आत्याने तोंड उघडलं होतं, पण मला ते ऐकायचंच नव्हतं. जी मुलगी माझ्यासाठी लाल तोंडाने चारचौघांत उभी राहायला तयार होती, तिला मी चोळून पुसायला लावू?

"आत्या, लाडू हाय का?"

आत्याच्या कमरेच्या पिशवीत लाडू नाही असा दिवस उगवला नव्हता. मी मांडवातल्या पिंपाजवळ बसलो. नव्या सदऱ्यासकट. आत्याने बादलीत लाडू सोडला आणि फेस ओसरायच्या आत बादली माझ्या डोक्यावर पालथी केली.

डोळे चुरचुरत होते, काही दिसत नव्हतं. फक्त गोदाचं हसू ऐकू आलं. चंद्रभागाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "असला जावय कुटं भेटायचा न्हाय. बसवा दोगांना."

आम्ही बसलो, दोन लाल तोंडं, ती पांढऱ्या पातळात आणि मी लाल ओघळांच्या पांढऱ्या सदऱ्यात. लग्न लावणाऱ्या गुरुजींनी आमच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "वधूवर राजीखुशीनं तयार आहेत ना?"

गोदा माझ्या आधी हो म्हणाली.