अष्टमीची बोट

आमच्या घरापासून समुद्र चारशे वीस पावलांवर आहे. मी मोजली आहेत. या समुद्रात कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. खाडीचा गाळ असतो, आणि त्यात आम्हा गावकऱ्यांचंही थोडंफार योगदान असतं. पर्यटक काशीदला जाऊन फोटो काढतात आणि खाली ‘निळाशार’ असं लिहितात. फोटो निळा करायची सोय हल्ली मोबाइलमध्येच असते.

त्यामुळे अठ्ठेचाळीस वर्षांच्या माझ्या बायकोने भाजी निवडता निवडता “मला एकदा तळ बघायचाय” असं जाहीर केलं, तेव्हा ती विहिरीबद्दल बोलतेय असं मला वाटलं. ती लक्षद्वीपबद्दल बोलत होती. तिथे पाठीवर नळकांडं न लावता, एका श्वासात खोल जायला शिकवतात, हे तिने बघून ठेवलं होतं. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. लहानपणी ती भावांबरोबर खाडीत बुड्या मारायची आणि दर वेळी मूठभर चिखल घेऊन वर यायची. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मिक्सर मी धरलेला नाही, कारण त्यातली चटणी मीच खातो.

मुदत ठरलेली होती. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणजे परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावरच सुटका. पाऊस लागला की तिकडचं बुडणं बंद. आणि ऐन पावसाळ्यात आमच्या मुलीचं बाळंतपण. तिथून पुढे बायको आजीच्या बिनपगारी नोकरीवर रुजू होणार, जिला निवृत्तीचं वय नसतं. थोडक्यात, यंदा नाही तर कधीच नाही. हे तिने मला सांगितलं नाही. मला बेरीज येते.

डॉक्टरांनी तिचे कान, छाती, रक्तदाब तपासून होकार दिला. रोज सकाळी ती पलंगावर आडवी होऊन श्वास रोखायची आणि मी शाळेतलं स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसायचो. सुरुवातीला अडतीस सेकंद, दोन महिन्यांनी एक मिनिट चव्वेचाळीस. एकदा शेजारीण कढीपत्ता मागायला आत आली. बायको डोळे मिटून निपचित आणि मी घड्याळाकडे बघत शांत.

“अगो बाय! भावजी, कधी झालं?”

“अजून बावीस सेकंद आहेत,” मी म्हणालो.

तिने जी किंकाळी फोडली, त्यात आमचा त्या दिवसाचा विक्रम बुडाला.

प्रवासाची आखणी अर्थातच माझ्याकडे होती. परवाना, कोचीपर्यंतची गाडी, पुढे बोट. एजंटने मार्चमध्येच फोन केला, “सर, एप्रिलअखेरची दोन तिकिटं आहेत. लगेच सांगा.” मी कालनिर्णय उघडला. ऐन पौर्णिमा.

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जोरात चढणार, तळ ढवळून काढणार आणि सगळा चहा होणार. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी बेताची, पाणी मवाळ, गाळ खाली बसलेला. रेवसला लाँच गाळात रुतेल की नाही हे मी आयुष्यभर याच हिशेबावर सांगत आलो आहे आणि सहसा चुकलेलो नाही. मी एजंटला बाणेदारपणे नकार दिला आणि अष्टमीची बोट मागितली.

“सर, लोक शनिवार-रविवार मागतात. बरं, बघून ठेवतो,” तो म्हणाला.

“लोकांना तळ बघायचा नसतो,” मी म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस मी आठवड्याचा तक्ता केला. तिथी, भरती, ओहोटी, पाण्यात उतरायची वेळ, चार रंगांत. तो कौतुकाने तिथल्या शिकवणाऱ्या पोरीला पाठवला. तिचा फोन आला. आधी बराच वेळ ती फक्त हसत होती.

“अंकल, ये बहुत सुंदर है. लेकिन इधर कीचड़ ही नहीं है, तो उठेगा क्या? नीचे सफेद रेत है. पूनम हो, अमावस हो, पानी साफ. आप बस आ जाओ.”

मी एजंटला फोन लावला. पौर्णिमेची तिकिटं गेली होती. अष्टमीच्या आठवड्यात बोटच नव्हती. पावसाआधीची बाकी सगळी भरलेली. एका समुद्राचं गणित मी दुसऱ्या समुद्राला लावलं होतं; विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं आणि वर शेराही मारला असता.

बायकोला सांगितलं. ती मासे साफ करत होती. बराच वेळ कोयता चालत राहिला.

“तुम्ही मला विचारलं का नाही?”

“तुला काय विचारायचं? तिथी तर कॅलेंडरवर होती.”

“तेच,” ती म्हणाली.

आठ दिवस मी रोज एजंटला फोन केला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, “एक तिकीट रद्द झालंय, सर. तीच एप्रिलअखेरची बोट. एकच.”

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. एक तिकीट, दोन माणसं, भागाकार होत नाही. तिने एकटीने एवढ्या लांब जावं की नाही, यावर मी सहा मुद्दे काढून ठेवले होते. चार विरोधात होते. तिने तिसऱ्यावरच हात वर केला.

“अहो, तुम्हाला पोहता येतं का?”

“नाही.”

“मग तुम्ही तिथे काय करणार होतात?”

“घड्याळ बघणार होतो.”

“घड्याळं त्यांच्याकडे आहेत.”

मी परवान्याचा अर्ज काढला. कुठलाही अर्ज मी आधी पेन्सिलीने भरतो. नाव, वय, पत्ता लिहून झालं. सोबत येणाऱ्या व्यक्तीच्या रकान्याशी माझा हात थांबला. तिने हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि तिथे आडवी रेघ मारली, शाईने.