पडद्याकडे पाठ करून बसणारे आप्पा

आप्पा नियंत्रण कक्षात पडद्याकडे पाठ करून बसत. कक्षाचे काम पडद्याकडे बघण्याचे होते. आठ तासांची पाळी त्यासाठीच होती आणि खुर्चीही पडद्याकडे तोंड करूनच मांडलेली असे. आप्पा सकाळी सहाला येत, डबा खिडकीत ठेवत, खुर्ची उलटी फिरवत आणि टेलिफोनसमोर बसत. सगळे त्यांना पाठमोरे म्हणत. नव्याने आलेल्या एका कारकुनाने ते आडनाव समजून पाळीच्या तक्त्यात तसेच लिहिले. आप्पांनी ते दुरुस्त करून घेतले नाही.

मी तिथे पोहोचले ते नोकरी बदलल्यामुळे. एका दैनिकात अनेक वर्षे उपसंपादक होते. त्या दैनिकाने जिल्ह्याची आवृत्ती बंद केली. त्याच सुमारास वसई-विरारमधल्या पाण्याच्या टाक्या आणि पंपांवर लक्ष ठेवणारी एक जुनी संगणक यंत्रणा नव्याने बांधायचे काम एका लहान कंपनीला मिळाले होते. पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी सांकेतिक सूचना कोणालाही कळतील अशा मराठीत लिहायला त्यांना माणूस हवा होता. लिहिण्याआधी काही महिने कक्षात बसून लोक काम कसे करतात ते पाहायचे, असे ठरले होते.

"पेपरातून आलीस?" आप्पांनी पहिल्या दिवशी विचारले. "मग बरंय. रोज तेच तेच वाचायची सवय असेल."

ते मिठागरांकडच्या गावातले. बोलताना ण त्यांच्या तोंडी कधी यायचा नाही. पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलेला माणूस शेवटपर्यंत पानीच म्हणत राहिला.

पडद्याकडे पाठ का, हे मी तिसऱ्या दिवशी विचारले. "बाय, जे कायम लाल असतं ती भिंत," ते म्हणाले. "भिंतीकडं बघायला मानूस कशाला ठेवायचा?"

उत्तर उर्मट वाटले, पण तपासल्यावर खरे निघाले. वीज क्षणभर दबली, पंपघराचे दार उघडे राहिले, सेन्सरच्या वायरीत पाणी गेले की सूचना यायची. टाकी खरोखर रिकामी होऊ लागली तरी सूचना यायची. सगळ्यांचा रंग एकच आणि घंटाही एकच. पश्चिमेची एक टाकी पाडून बरीच वर्षे झाली होती. यादीतून तिचे नाव काढायचे राहून गेले होते, म्हणून ती दर थोड्या वेळाने बिघाड कळवायची. घंटा वाजली की आप्पा मागे न बघताच म्हणत, "मेलेली बोलली. जिवंतपनी एवढं बोलली नसेल."

मग काम चालायचे कसे? फोनवर. प्रत्येक टाकीवर एक चावीवाला असतो. वेळापत्रकाप्रमाणे मुख्य चावी फिरवून तो एकेका भागाला पाणी सोडतो. आप्पांनी या चावीवाल्यांना पाण्याचे एक माप शिकवले होते: घोटा, गुडघा, कंबर, गळा. शिडीवर चढून टाकीत डोकवायचे आणि सांगायचे.

"काय रे, कुठवर आहे?"

"गुडघा, आप्पा."

"सकाळी तर कंबर होती. कोन पितंय एवढं? जा, लाइन बघून ये. चहा नंतर."

नव्या पडद्यावर हे माप घ्यावे असे मी सुचवले तेव्हा उपअभियंता साहेब हसले. सरकारी कागदावर घोटा चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी टाकीचे चित्र आणि त्यावर चार रेघा, एवढ्यावर तडजोड झाली. रेघांना काय म्हणायचे ते कुठेच लिहिलेले नाही. कक्षातले सगळे घोटाच म्हणतात.

माझी वाक्ये मी आप्पांना वाचून दाखवायची. इतरांच्या मजकुराला कात्री लावण्यात माझे दिवस गेले होते. इथे कात्री त्यांच्या हातात होती. "पाण्याची पातळी किमान मर्यादेखाली गेली आहे," असे मी वाचले. आप्पा म्हणाले, "बातमी दिलीस. आता मी काय करू? कपाळाला हात लावू?" मग ती सूचना अशी झाली: "तुळिंजची टाकी घोट्यावर. पंप बंद करा. चावीवाल्याला फोन करा." घोटा पुढे साहेबांनी काढला. बाकीचे तसेच राहिले.

कक्षात एक रीत होती आणि ती आप्पांनी पाडली होती. पाळी बदलताना पुढच्या माणसाच्या हातात वाजती घंटा द्यायची नाही. दुपारी दोनला वर्षा यायची. ती कंत्राटी, राहायला तुळिंजला. आप्पा हजेरीवर सही करून पाळी सोडत, पिशवी खांद्याला लावत आणि निघताना पडद्यावरचे 'सर्व स्वीकारा' हे बटण दाबत. घंटा थांबे, लाल ओळी करड्या होत. "घे. पाटी कोरी करून दिली," असे म्हणून ते जिना उतरत. वर्षाही रात्रपाळीला खोली तशीच देई. मी माझ्या वहीत लिहून ठेवले होते: "पाळी बदलताना घंटा बंद करून देतात. चांगली पद्धत." पुढे काही विचारले नव्हते.

एका दुपारी तुळिंजची टाकी भरणारी वाहिनी पूर्वेला कुठेतरी फुटली. टाकीची सूचना आली ती दोन वाजून तीन मिनिटांनी. आप्पांनी नेहमीप्रमाणे बटण दाबले. जुन्या यंत्रणेत एकदा स्वीकारलेली सूचना पुन्हा वाजत नसे, पाणी कितीही खाली गेले तरी. वर्षाच्या समोर शांत पडदा होता. चावीवाला फुटलेल्या वाहिनीकडे धावला होता. त्याला वाटले, कक्षाला कळलेच असेल. संध्याकाळपर्यंत टाकी कोरडी पडली आणि पंप कोरडा फिरून जळला.

तुळिंजला दोन दिवस पाणी आले नाही. लोक रिकामे ड्रम घेऊन कार्यालयाच्या फाटकाशी बसले. वर्षा स्वतःच्या घरी दोन मजले बादल्या चढवून कामावर यायची. "शेजारीण विचारते, तू पाण्यातच आहेस ना कामाला?" ती म्हणाली. "काय सांगू हिला?"

नोटीस आप्पांच्या नावाने निघाली. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि सेवापुस्तक तोवर कोरे होते. या कोरेपणाचा त्यांना अभिमान होता; एरवी ते स्वतःबद्दल काही सांगत नसत, एवढे मात्र सांगत.

सुटकेची वाट होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. हजेरीवर आप्पांची सही दोनची होती. सूचना आणि बटण तीन मिनिटांनंतरचे. कागदोपत्री त्या वेळी कक्ष वर्षाच्या ताब्यात होता. संघटनेचा एक माणूस येऊन आप्पांना हेच समजावून गेला. तसे उत्तर दिले असते तर नोटीस वर्षाकडे गेली असती, आणि कंत्राटी माणसाला नोटीस देत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणतात.

वर्षा स्वतः त्यांना म्हणाली, "आप्पा, लिहून टाका. माझी पाळी होती ती."

"घड्याळ तुझं असेल," आप्पा म्हणाले. "बोट माझं होतं. गप बस नि फोन उचल, वाजतोय कधीचा."

घटनेचा अहवाल लिहायचे काम साहेबांनी माझ्याकडे दिले. "तुमची भाषा चांगली आहे. कारणाच्या रकान्यात एक वाक्य टाका, मानवी चूक," असे ते म्हणाले. मी लिहिले: "कर्तव्यावरील चालकाने सूचना स्वीकारली, परंतु कारवाई केली नाही." ते आप्पांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पन पूर्न नाय. बटन दाबलं ते लिहिलंस. बटन कशाला होतं तेपन लिही."

मी दुसरे वाक्य लिहिले आणि दोन्ही वाक्यांसह अहवाल वर पाठवला.

त्यानंतर नव्या यंत्रणेच्या कामाला वेग आला. पहिल्याच बैठकीत आप्पांनी मागणी केली, ते बटण काढा. कक्षातल्या चालकांपैकी कोणालाच ते काढलेले नको होते. वर्षा सर्वांत जोरात बोलली. "तुम्ही चाललात रिटायर होऊन. एकेक सूचना दाबून बोटं आमची झिजणार."

"म्हनून आधी खोट्या सूचना काढा, मग बटन काढा," आप्पा म्हणाले. "उलटं केलंत तर ही पोरगी मला घरी येऊन मारेल."

खोट्या सूचना काढण्याचे काम पुढचे दोन महिने चालले. यादीतली एकेक ओळ मी वाचायची आणि आप्पांनी एकच प्रश्न विचारायचा: "ही ओरडली तर कोन उठनार?" उठणाऱ्याचे नाव सांगता आले तर सूचना राहिली, नाही तर गेली. पंपघराच्या दारावर आमच्या प्रोग्रॅमरने बराच वाद घातला. सुरक्षेचा प्रश्न आहे, असे त्याचे मत. आप्पांनी ते ऐकून घेतले. "मग वॉचमनच्या मोबाइलवर पाठव. तो उठेल. मी इथून उठून दार लावायला गिरीजला जानार आहे का?" पाडलेल्या टाकीचे नाव आले तेव्हा वर्षाने दोन्ही हात जोडले. शेवटी यादी दोन पानांत मावली.

नवी यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी सकाळपासून बराच वेळ घंटा वाजली नाही. बिघडली की काय म्हणून साहेब दोनदा डोकावून गेले. अकराच्या सुमारास एकदा वाजली आणि कक्षातले चौघेही एकदम उठले. पंपाची वीज गेली होती. ती सात मिनिटांत परत आली. आप्पा उठले तेही टेलिफोनकडे तोंड करूनच. इतक्या वर्षांची मान आता वळत नाही, असे त्यांचे कारण.

चौकशीचा निकाल निवृत्तीच्या आठवड्यात लागला. ताकीद. सेवापुस्तकात एका ओळीची नोंद झाली. निरोपाच्या दिवशी नारळ, शाल आणि दोन भाषणे झाली. नोंदीचा उल्लेख कोणी केला नाही.  वर्षाची नोकरी टिकली होती. ती आजही तिथे आहे.

पुढच्या वर्षी मंजूर अहवालाची प्रत माझ्या हाती आली. ती घेऊन मी निर्मळला गेले. आप्पा तिथे लेकीकडे राहत होते. घराला लागून केळीची वाडी होती आणि ते पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत होते. हात पुसून त्यांनी प्रत घेतली. कारणाच्या रकान्यात माझे पहिले वाक्य होते. दुसरे वरच्या कार्यालयात काढून टाकले होते.

मला वाटले, ते चिडतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो मला परत दिला.

"अर्धं खरं छापून आलं," ते म्हणाले. "तुमच्या धंद्यात हे नवं नाय."

"आप्पा, मी पुन्हा लिहिते त्यांना."

"त्यांना कशाला? त्यांचं वाचून झालं." मग म्हणाले, "कुठंतरी लिही. मी गेल्यावर लिही. आता लिहिलंस तर म्हनतील, म्हाताऱ्यानं सांगून लिहवून घेतलं."

त्यानंतर मी बऱ्याच यंत्रणांसाठी सूचना लिहिल्या आणि अपघातांचे बरेच अहवालही. कोणी कारणाच्या रकान्यात 'मानवी चूक' लिहिलेला कागद आणून दिला की मी त्याला दुसरे वाक्य विचारते. काहींना ते सुचते. बहुतेकांना प्रश्नाचा राग येतो.

आप्पा गेल्या वर्षी गेले. निर्मळच्या घरी वर्षा आणि मी एकदमच पोहोचलो. चावीवाले आमच्या आधी आले होते.

काढून टाकलेले वाक्य असे होते: "त्या मिनिटाला पडद्यावर चाळीस खोट्या सूचना होत्या आणि एक खरी, एकेचाळीसही सारख्याच दिसत होत्या, आणि त्या सगळ्यांना उत्तर द्यायला यंत्रणेने माणसाला बटण एकच दिले होते."